रोटरी इंजिन बंद करताना घ्यायची काळजी

माझदाची आरएक्स-८ ही गाडी २००३ ते २०१२ या काळात बाजारात होती आणि तिच्या १.३ लिटरच्या रोटरी (म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या) इंजिनाविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते: गार इंजिन सुरू करून लगेच बंद केले, की ते पुन्हा सुरू होत नाही. दारातली गाडी चार हात मागे घेऊन लावणे एवढेही त्याला पुरते.

इंजिन गार असताना त्याला पेट्रोल जास्त सोडले जाते. अशा वेळी इंजिन बंद केले, तर न जळलेले पेट्रोल हाउसिंगमध्ये, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचात साचते, प्लग ओले होतात आणि अ‍ॅपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) ज्या तेलाच्या पातळ थरामुळे घट्ट बसतात तो थर धुऊन निघाल्याने कॉम्प्रेशनच (आतल्या मिश्रणावरचा दाब) उरत नाही.

म्हणून मुख्य नियम असा, की एकदा सुरू केलेले इंजिन तापमानाचा काटा मध्यावर येईपर्यंत बंद करू नये. गाडी धुण्यासाठी बाहेर काढली असली, तरी सरळ एक फेरी मारून यावे. नाइलाजाने गार इंजिन बंद करावेच लागले, तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून सुमारे ३,००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) दहा सेकंद धरावे, म्हणजे साचलेले पेट्रोल बरेचसे जळून जाते, आणि मग आरपीएम खाली येऊ देऊन चावी फिरवावी. इंजिन पूर्ण तापलेले असताना मात्र हा उपचार करण्याचे कारण नाही. काही मालक सवयीने दर वेळी इंजिन घुमवतात, त्याचा त्रास शेजाऱ्यांनाच अधिक होतो.

माझदाच्याच आधीच्या आरएक्स-७ या रोटरी गाडीच्या शेवटच्या पिढीला दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारे, एक्झॉस्टवर फिरणारे पंखे) होते आणि तिथे चिंता उलट, म्हणजे उष्णतेची असते. जोरात पळवलेली गाडी थांबताक्षणी बंद केल्यास टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जागच्या जागी करपते, म्हणून शेवटचे काही किलोमीटर सावकाश चालवावे किंवा थांबल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटे आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता चालू ठेवावे.

इतके करूनही इंजिनात पेट्रोल साचलेच, तर ते स्टार्टरच्या आवाजावरून ओळखता येते: निरोगी इंजिन फिरताना ठोके ऐकू येतात, तर कॉम्प्रेशन गेलेले इंजिन एकसुरी, हलक्या आवाजात भराभर फिरते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारावा, कारण पेडल पूर्ण दाबलेले असताना आरएक्स-८ चे इंजेक्टर बंद राहतात आणि आत केवळ हवा जाते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये स्टार्टरला विश्रांती द्यावी. बॅटरी अर्धवट उतरलेली असेल, तर ती आधी चार्ज करावी, कारण मंद फिरणारे रोटर पेट्रोल बाहेर फेकू शकत नाहीत. तेवढ्याने भागले नाही, तर चारही प्लग काढून वाळवावेत किंवा बदलावेत. गाडी ढकलून किंवा ओढून सुरू करू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो खराब होतो. इंजिन सुरू झाले, की सायलेन्सरमधून धुराचा लोट निघेल; त्याला घाबरून इंजिन बंद करू नये.