जुनी सेडान घेताय? आधी चासी नंबर मागा

गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्याने एक सहा वर्षांची पेट्रोल सेडान पसंत केली. रंग चकाचक, टायर नवे, बेचाळीस हजार किलोमीटर, मालक बँकेतून निवृत्त झालेले. एजंटच्या भाषेत ‘डोळे मिटून घ्या’ अशी गाडी. टोकन द्यायच्या आदल्या रात्री मी त्याला आरसीचा फोटो पाठवायला सांगितलं आणि त्यावरचा चासी नंबर, म्हणजे गाडीचा कायमचा ओळख क्रमांक, कंपनीच्या साइटवर टाकून पाहिला. रिकॉलचं, म्हणजे दोष सापडल्याने कंपनीने गाड्या परत बोलावून करायच्या मोफत दुरुस्तीचं, एक काम बाकी दिसलं. मालकांना विचारलं तर त्यांनाच धक्का बसला. कंपनीचं पत्र गेलं होतं ते त्यांच्या जुन्या भाड्याच्या घरी, आणि फोन गेला होता बंद झालेल्या नंबरवर.

जुन्या गाड्यांत हे हमखास होतं. रिकॉल गाडीच्या मागे लागलेलं असतं, निरोप मात्र पहिल्या मालकाला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गाडी जाईस्तोवर तो निरोप कुठेतरी विरून जातो. म्हणून बॉनेट उघडण्याआधी कागद उघडायचा.

सतरा अक्षरं

चासी नंबर आरसीवर असतो, विमा पॉलिसीवर असतो आणि गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. सगळे मिळून सतरा आकडे-अक्षरं. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे फोटोत गोल काही दिसलं तर ते शून्यच समजा. बऱ्याच लोकांचं साइटवर ‘नंबर चुकीचा’ येतं ते एवढ्याचमुळे. भारतात बनलेल्या मारुतीचा नंबर बहुधा एमए३ ने सुरू होतो, होंडाचा एमएके ने, ह्युंदाईचा एमएएल ने.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून बरीच माहिती मिळते, पण तिथे दुसऱ्याच्या गाडीचा चासी नंबर पूर्ण दाखवत नाहीत. म्हणून विकणाऱ्याकडूनच आरसीचा फोटो घ्या. ‘आधी व्यवहाराचं बोला, मग कागद’ असं कोणी म्हणालं तर मी तिथूनच उठतो. गाडी पाहायला गेल्यावर पत्र्यावरचा नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या. जागा मॉडेलनुसार बदलते. कुठे पुढच्या सीटखालच्या कार्पेटखाली, कुठे इंजिनमागच्या पत्र्यावर. नंबर घासलेला किंवा भोवती नवं वेल्डिंग दिसलं तर पुढचा लेख वाचायची गरज नाही, दुसरी गाडी बघा.

नंबर टाकायचा कुठे

कंपनीच्या वेबसाइटवर. मारुतीने आपल्या रिकॉलच्या वेळी ग्राहकांना ‘इम्प कस्टमर इन्फो’ या भागात जाऊन एमए३ पुढची चौदा अक्षरं टाकायला सांगितली होती. होंडाच्या साइटवरही सतरा अक्षरी नंबर टाकून तपासता येतं. बाकीच्या कंपन्यांकडे ही सोय ‘रिकॉल’, ‘सर्व्हिस कॅम्पेन’ किंवा ‘प्रॉडक्ट अपडेट’ अशा नावांखाली शोधा. रिकॉल हा शब्द कंपन्यांना फारसा आवडत नाही, हे तुमच्या लक्षात येईलच.

वाहन उद्योगाची संघटना सियाम हिने २०१२ मध्ये स्वेच्छा रिकॉलची पद्धत सुरू केली. तिच्या साइटवर कोणत्या कंपनीने कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या कशासाठी बोलावल्या याची यादी मिळते. तुमच्या मॉडेलवर मुळात काय काय झालंय याचा अंदाज यायला ही यादी उत्तम. तुमचीच गाडी त्यात आहे का, हे मात्र चासी नंबरच सांगतो.

फक्त उत्पादनाच्या तारखांवर विसंबून राहू नका, असं मी का म्हणतो ते एका उदाहरणाने सांगतो. होंडाने भारतात इंधन पंपासाठी २०२० मध्ये ६५,६५१ गाड्या बोलावल्या, २०२१ मध्ये ७७,९५४ आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आणखी ९०,४६८. तिन्ही वेळा यादीत होंडाची सिटी ही सेडान होती. पंपातल्या इम्पेलरमध्ये, म्हणजे इंधन ढकलणाऱ्या छोट्या पंख्यात दोष, त्यामुळे कालांतराने इंजिन बंद पडण्याची किंवा सुरूच न होण्याची शक्यता. पण २०२४ च्या यादीत २,२०४ गाड्या अशा होत्या की ज्या मुळात दोषाच्या पंपांच्या काळात बनल्याच नव्हत्या. आधीच्या दुरुस्तीत त्यांना तोच पंप सुटा भाग म्हणून बसवला गेला होता. म्हणजे जुनी गाडी, चांगला पंप, तो बदलून दोषाचा पंप! त्यामुळे ‘माझी गाडी त्या वर्षातली नाही’ हे उत्तर पुरत नाही. मोठे भाग बदलल्याची बिलं मागा आणि त्यांवरच्या तारखा बघा. आणि ‘पंपाचं काम झालंय’ असं कोणी म्हणालं तर कोणत्या वर्षी, कोणत्या रिकॉलमध्ये, हे विचारा.

सर्व्हिस सेंटरला विकणाऱ्यासोबत जा

एकटे गेलात तर सर्व्हिस ॲडव्हायझर दुसऱ्याच्या गाडीची माहिती द्यायला काचकूच करेल, आणि ते बरोबरच आहे. मालक सोबत असला की काम सोपं. गाडीचा नंबर टाकून सर्व्हिस हिस्टरी काढायला सांगा आणि तीन गोष्टी विचारा: कोणतं कॅम्पेन बाकी आहे, कोणतं झालंय, आणि झालेल्याचं जॉब कार्ड, म्हणजे केलेल्या कामाचा नोंदीचा कागद, दाखवता का. तोंडी ‘झालंय सर’ नको, प्रिंट हवी. याच कागदावर किलोमीटरही दर वेळी नोंदलेले असतात. २०२१ ला एकसष्ट हजार आणि आज मीटरवर बेचाळीस हजार, असा चमत्कारही इथेच पकडला जातो.

काम बाकी निघालं तर घाबरू नका. रिकॉलची दुरुस्ती मोफत असते आणि गाडी कितव्या मालकाकडे आहे याचा त्याच्याशी संबंध नसतो. माझं मत विचाराल तर रिकॉल होऊन दुरुस्त झालेली, नोंदी असलेली गाडी मी कोऱ्या पाटीच्या गाडीपेक्षा आधी घेईन. काम मात्र व्यवहाराआधी, विकणाऱ्याच्याच हातून करून घ्या. कधी भाग उपलब्ध नसतो, आठवडा-दोन आठवडे थांबावं लागतं. तोवर किमतीतली काही रक्कम रोखून ठेवायची.

दोष कुठला, त्यावर घाई ठरते

सगळी रिकॉल्स सारखी नसतात. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने सियाझ, अर्टिगा, ब्रेझा वगैरे मिळून १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट, म्हणजे वीज बनवणारी आणि इंजिनाला हातभार लावणारी मोटर, तपासायला बोलावल्या. मे २०१८ ते ऑक्टोबर २०२० मधल्या. काम होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नका, असं कंपनीने सांगितलं होतं. मुंबईत जुलै महिन्यात हे कसं पाळायचं हे कंपनीलाच ठाऊक. पण अशी सियाझ बघत असाल तर पावसाळ्याआधी हे काम झालंय का, हे पाहणं भागच आहे.

एअरबॅगची गोष्ट याहून गंभीर. जपानच्या टकाटा कंपनीच्या एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यात अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेत ते बिघडतं, आणि अपघातात गरजेपेक्षा जास्त जोरात पेटून धातूचा डबाच फुटतो. जीव वाचवायला बाहेर येणाऱ्या पिशवीतून पत्र्याचे तुकडे येतात. जगभर कोट्यवधी गाड्या यासाठी बोलावल्या गेल्या, टकाटाने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. भारतात होंडाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ सालच्या ४१,५८० गाड्या बोलावल्या, त्यांतल्या बहुतेक सिटी होत्या. पुढच्या जानेवारीत २०१३ सालच्या आणखी २२,८३४. रत्नागिरीला, मालवणला किंवा पणजीला वाढलेली त्या काळातली सेडान कोणी स्वस्तात देत असेल तर ड्रायव्हरची आणि शेजारची, दोन्ही एअरबॅग्जचं काम झाल्याचा कागद वेगवेगळा मागा. तो नसेल तर ती गाडी मी घरी चालवतही आणणार नाही.

आता गाडीत बसा

किल्ली ऑन करा, स्टार्ट करू नका. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलेलाच राहिला तर बिघाड. मुळात लागलाच नाही तर त्याहून वाईट, कोणीतरी तो दिवाच मारलाय. याच क्षणी कान मागच्या सीटकडे ठेवा. बहुतेक पेट्रोल गाड्यांत दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो इंधन पंप. घुरघुर किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर नोंद करा. एसी लावून, गाडी चांगली तापू देऊन अर्धा तास चालवा, मग बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. पंपाचं दुखणं बऱ्याचदा थंड गाडीत कळत नाही.

मग सीटबेल्ट. पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. रोज वापरातला भाग स्वच्छ असतो, पण आतला, गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ किंवा कुबट वास म्हणजे गाडी पाण्यात उभी होती. अशा गाडीत पुढे इतके विचित्र इलेक्ट्रिकल बिघाड निघतात की रिकॉलचा कागद कितीही स्वच्छ असो, काही उपयोग नाही.

मालकांच्या तक्रारी कशा वाचायच्या

गाडीवर रागावलेला माणूस खूप लिहितो, समाधानी माणूस गाडी चालवतो. म्हणून तक्रारीचा आवाज किती मोठा हे बघू नका, तीच तक्रार किती वेगवेगळ्या लोकांकडून येते ते बघा: तेच लक्षण, साधारण तेवढेच किलोमीटर, तेच इंजिन किंवा गिअरबॉक्स. मी वहीत तीन रकाने पाडतो. पहिला स्वभावाचा: सिटीत मागे तिघं बसले की मोठ्या स्पीडब्रेकरला पोट घासतं, टायरचा आवाज आत येतो. हे दोष नव्हेत, पटत नसेल तर गाडी घेऊ नका. दुसरा झिजेचा: क्लच, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी; याचे पैसे किमतीतून वजा करायचे.

तिसरा रकाना खरा. रिकॉल नाही, पण तेच मोठं काम पुन्हा पुन्हा. फोक्सवॅगन व्हेन्टो आणि स्कोडा रॅपिडमधला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घ्या. चालवायला मस्त, पण उन्हाळ्यात, रोजच्या ट्रॅफिकमध्ये त्याच्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या, म्हणजे गिअर-क्लच चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाच्या, तक्रारी मालक वर्षानुवर्षं करत आलेत, आणि वॉरंटी संपल्यावर खर्च लाखाच्या घरात जातो. अशा वेळी जुनी बिलं हीच खरी जन्मपत्रिका. युनिट बदलल्याचं बिल असेल तर गाडी विचारात घ्यायची, नसेल तर मॅन्युअल बघायची.

अमेरिकेत एडिसन किंवा डॅलसला राहून जुनी कॅमरी-अकॉर्ड घेणाऱ्यांचं काम सोपं आहे. तिथल्या एनएचटीएसए या रस्ते सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या साइटवर सतरा अक्षरं टाकली की बाकी रिकॉल दिसतं, आणि त्या मॉडेलवरच्या मालकांच्या तक्रारीही कोणालाही वाचता येतात. मोफत दुरुस्तीचा हक्क तिथे पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षं असतो.

घेतल्यावर दोष निघाला तर

आधी जॉब कार्डवर लक्षण लिहून घ्या, आणि तुमच्या शब्दांत. ‘जनरल चेकअप’ असं लिहिलेलं जॉब कार्ड पुढे कुठेच कामाला येत नाही. ‘८० च्या वेगात इंजिन बंद पडलं, दहा मिनिटांनी सुरू झालं’ असं हवं. मग कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, चासी नंबरासकट.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. त्यानुसार परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर सुरक्षेच्या दोषाची तक्रार नोंदवता येते. वर्षाला किती गाड्या विकल्या गेल्या यावर तक्रारींचा उंबरठा ठरतो. तो ओलांडला की सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं आणि दंड १ कोटी रुपयांपर्यंत जातो. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. कंपनीने स्वतःहून रिकॉल केलं तर दंड नाही, बहुतेक रिकॉल स्वेच्छेने का होतात ते यावरून कळतं. पैशांचा वाद असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. ग्राहक आयोगात जायला वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं मिळतात.

आणि एक काम, जे माझ्या मेहुण्यानेही आरसी नावावर होऊन तीन महिने केलं नव्हतं. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नोंदीत आपलं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर बदलून घ्या. तो पहिल्या सर्व्हिसला गेला तेव्हा ॲडव्हायझरने स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवला, “शेवटी चौऱ्याऐंशी, बरोबर ना सर?” तो त्या बँकवाल्या काकांचाच होता, तोही जुना, बंद पडलेला.