नागरिकशास्त्र शिकवताना 'आपण' कोण, ते आधी ठरवा

तुम्ही कितीही सांगा की मी तटस्थ आहे, सरांचा-बाईंचा कल कुठे आहे हे पोरं बरोबर ओळखतात, आणि ते भाषणातून नाही, बारक्या बारक्या शब्दांतून. म्हणून आधी सर्वनामं बघा. 'आपण मतदान करून सरकार निवडतो' यात अख्खा वर्ग येतो, पण 'आपण त्यांना हक्क दिले' म्हटलं की मागच्या बाकावरचं एखादं पोर गुपचूप हिशोब करतं की मी 'आपण'मध्ये की 'त्यांना'मध्ये? त्यापेक्षा 'संविधानाने सगळ्या नागरिकांना हक्क दिलेत' म्हणा, विषय संपला. (तसंही हक्क देणारे आपण कोण!)

मग क्रियापद. 'कर वाढले', 'इंटरनेट बंद करण्यात आलं'. अहो पण कोणी केलं? कोणी केलं आणि त्याला तो अधिकार कुठून मिळाला, हाच तर आपला सगळा विषय आहे. बातम्यांमधली असली 'करण्यात आले'वाली वाक्यं फळ्यावर लिहा आणि पोरांना कर्ता शोधायला लावा, दहा मिनिटं लागतात आणि मजा पण येते.

सरकार आणि देश हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका प्लीज. सरकार निवडणुकीत बदलतं, देश तिथेच असतो, हे दोन एकच वाटले की सरकारवरची टीका म्हणजे देशावरची टीका असं पोरांना वाटणारच. 'राजकारण' हा शब्दही जपून वापरा, घरी तो 'उगाच राजकारण करू नकोस' असा वाईट अर्थानेच कानावर पडलेला असतो.

वादाचे विषय आले की घाबरून धडा उरकू नका. जर्मनीत १९७६ साली बॉयटल्सबाख गावात नागरिकशास्त्र कसं शिकवावं यावर बैठक झाली, तिच्यातून जी तत्त्वं पुढे आली त्यात दोन फार कामाची आहेत, मुलांवर मत लादायचं नाही, आणि बाहेर जे वादाचं आहे ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. पण म्हणून सगळंच वादाचं करू नका. मतदानाचं वय किती आहे याला एकच उत्तर आहे, किती असावं याला अनेक. 'आहे' आणि 'असावं' बोलताना वेगळं ठेवलं की निम्मी भांडणं होतच नाहीत.

आणि कोणीतरी विचारणारच, सर तुम्ही कोणाला मत दिलं? चिडू नका, हसून गुप्त मतदानाचा धडा तिथेच काढा.