गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अहवाल कसा वाचावा आणि पुढे काय करावे

पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीचा, अहवाल हाती पडला की नजर आधी 'अ‍ॅबनॉर्मल' या शब्दावर जाते आणि मनात एकदम कर्करोगाची भीती उभी राहते. ती भीती स्वाभाविक असली, तरी या चाचणीचे काम निदान करण्याचे नाही. काहीही त्रास नसलेल्या स्त्रियांपैकी कोणाची आणखी बारकाईने तपासणी करायला हवी, एवढेच ती ठरवते. त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की पुढची तपासणी कोणती आणि ती किती दिवसांत व्हायला हवी.

आपली नेमकी कोणती चाचणी झाली आहे, हे आधी पाहावे. पॅप चाचणीत गर्भाशयमुखावरून, म्हणजे बोलीभाषेत ज्याला पिशवीचे तोंड म्हणतात तेथून, ब्रशने घेतलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारा विषाणू आहे. एचपीव्ही चाचणीत पेशींचे रूप न पाहता त्या विषाणूचे धोकादायक प्रकार आहेत का, हे शोधतात. काही वेळा एकाच नमुन्यावर दोन्ही चाचण्या होतात आणि मग दोन्ही निकाल एकत्र वाचावे लागतात.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्यास आजाराइतकाच मनस्ताप घरातल्या संशयाने होतो, म्हणून येथे थोडे थांबून सांगणे आवश्यक वाटते. हा विषाणू लैंगिक संपर्कातून पसरतो आणि लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती त्याला साधारण दोन वर्षांत आवरते, पण काहींच्या शरीरात तो वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो. तो कधी आणि कोणाकडून आला, हे अहवालावरून सांगता येत नाही. त्यामुळे हा निकाल नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वागण्याचा पुरावा म्हणून कोणीही वापरू नये. खरी काळजी असते ती दीर्घकाळ टिकून राहिलेल्या संसर्गाची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. म्हणून यांपैकी एखादा आढळल्यास पेशी सामान्य दिसत असल्या तरी सहसा कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भाशयमुखाची बारकाईने तपासणी, सुचवतात. इतर प्रकार आढळले आणि पेशी सामान्य असल्या, तर बहुधा एका वर्षाने पुन्हा चाचणी करतात.

पेशींच्या अहवालात आद्याक्षरे असतात. 'एनआयएलएम' म्हणजे कर्करोगाकडे झुकणारा बदल आढळला नाही. 'अनसॅटिसफॅक्टरी' म्हणजे नमुना तपासण्याजोगा नव्हता, त्यामुळे तो काही महिन्यांत पुन्हा द्यावा लागतो. हा निकाल वाईटही नाही आणि चांगलाही नाही. 'एएससी-यूएस' म्हणजे पेशी किंचित वेगळ्या दिसल्या, पण कारण स्पष्ट नाही. येथे पुढचा मार्ग बहुधा एचपीव्ही चाचणीवरून ठरतो. 'एलएसआयएल' हा सौम्य बदल असून तो पुष्कळदा आपोआप मावळतो. 'एचएसआयएल' म्हणजे पेशींतला अधिक गंभीर बदल, आणि 'एएससी-एच' म्हणजे तसा बदल असण्याची शंका. हे दोन आणि ग्रंथीच्या पेशींतला बदल दाखवणारा 'एजीसी' हे निकाल मात्र मागे टाकू नयेत. त्यांचाही अर्थ कर्करोग झालाच आहे असा नव्हे, परंतु त्यांत कॉल्पोस्कोपीची वेळ लवकर घ्यावी लागते आणि केवळ पुन्हा पॅप करून वाट पाहणे योग्य ठरत नाही.

कॉल्पोस्कोपीचे नाव ऐकून अनेकजणी घाबरतात. प्रत्यक्षात पॅपच्या वेळी झोपतो तसेच झोपायचे असते आणि दुर्बिणीसारखे यंत्र शरीराबाहेरच राहते. डॉक्टर गर्भाशयमुखावर पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावतात, तेव्हा थोडे चुणचुणते. मिनिटभरात बदललेल्या पेशींचा भाग आजूबाजूच्या गुलाबी त्वचेत पांढरा उठून दिसू लागतो. त्याच जागेवरून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा बायॉप्सीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी, घेतात. त्या क्षणी चिमटा बसल्यासारखे होते आणि नंतर काही दिवस थोडा रक्तस्राव किंवा गडद स्राव होऊ शकतो. गर्भवती असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधीच सांगावे.

बायॉप्सीच्या अहवालात 'सीआयएन' म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींतला कर्करोगाआधीचा बदल, आणि १ ते ३ हे आकडे त्याची वाढती तीव्रता दाखवतात. 'सीआयएन १' आले, तर सहसा उपचार न करता लक्ष ठेवतात. 'सीआयएन २' मध्ये वय आणि पुढे मूल हवे आहे का याचा विचार करून निर्णय घेतात. 'सीआयएन ३' मध्ये उपचार करावेत, कारण तसेच सोडल्यास अनेक वर्षांत त्यातून कर्करोग होण्याचा धोका बराच असतो. उपचारांत बदललेला भाग गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करतात, नाहीतर 'लीप' पद्धतीत विजेच्या तारेच्या वेटोळ्याने काढून टाकतात. लीपनंतर पुढच्या गरोदरपणात वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता किंचित वाढू शकते. मूल हवे असल्यास हे डॉक्टरांशी आधीच बोलावे. गरोदरपणात आढळलेल्या बदलांवर, कर्करोगाची शंका नसेल तर, उपचार साधारणपणे प्रसूतीनंतर करतात.

उपचार झाले म्हणजे तपासणी संपली, असे समजून पुष्कळजणी पुढच्या तारखा चुकवतात, आणि खरा धोका तेथेच असतो. सीआयएन २ किंवा ३ वर उपचार झालेल्या स्त्रियांमध्ये पुढची अनेक वर्षे धोका इतरांपेक्षा अधिक राहतो, म्हणून एचपीव्ही चाचणीच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि सगळे अहवाल एकाच फायलीत जपावेत. धूम्रपानामुळे हा विषाणू शरीरात टिकून राहण्याची शक्यता वाढते, म्हणून ते सोडावे. अहवाल चांगला आला असला, तरी संबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यानंतर रक्तस्राव होणे किंवा दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित स्राव दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.