अल पचिनोचा 'पॅटर्नो' बघायचाच असेल तर असा बघा

आधी अपेक्षा खाली आणा. अल पचिनो, डायरेक्टर बॅरी लेव्हिन्सन, पाठीशी एचबीओ, विषय अंगावर काटा येईल असा (लहान मुलांवरच्या अत्याचाराचं खरं प्रकरण), एवढं सगळं असून २०१८ चा हा पिक्चर मूळ प्रश्नाला, म्हंजे कोचला नक्की किती कळत होतं याला, हातच घालत नाही. तरी थोडंफार बघण्यासारखं आहे, फक्त जरा तयारी करून बसा.

तयारी म्हंजे तारखा. कारण सुरुवातीलाच नावं धडाधड येतात आणि कोण कोणाचा साहेब ते कळेपर्यंत अर्धा पिक्चर संपतो. तर जो पॅटर्नो हा पेन स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा (अमेरिकन फुटबॉल हां, आपला नाही) १९६६ पासूनचा हेड कोच, ४०९ मॅच जिंकलेला, कॅम्पसमध्ये पुतळा आणि वर लायब्ररीला पण त्याचंच नाव, म्हंजे गावचा देवच. त्याचा जुना असिस्टंट जेरी सँडस्की लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करायचा. १९९८ ला एका आईने तक्रार केली, पुढे काही झालं नाही. २००१ ला माइक मॅकक्वेरी नावाच्या ज्युनियर कोचने शॉवरमधला प्रकार स्वतः बघितला, दुसऱ्या दिवशी जोच्या घरी जाऊन सांगितला, जोने वर कळवलं आणि हात झटकले, पोलिसांकडे कोणीच गेलं नाही. सँडस्कीला अटक झाली थेट नोव्हेंबर २०११ मध्ये. ही २००१ ची तारीख कागदावर लिहून समोर ठेवा, लागणार आहे.

आता लावा. एमआरआय मशीनमध्ये पडून पॅटर्नो जुनं आठवतोय ते सीन आले की खुशाल चहा टाकायला उठा. पण घरातले सीन सोडू नका. पोरं ग्रँड ज्युरीचा (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) रिपोर्ट घेऊन मागे लागलीयेत आणि बाबांचं डोकं नेब्रास्काविरुद्धच्या मॅचमध्ये! याला खरंच कळत नाहीये की हा वेड पांघरून पेडगावला चाललाय, पचिनो शेवटपर्यंत पत्ता लागू देत नाही. अ‍ॅक्टिंग म्हणून भारीच, पण पिक्चर त्याच्याच आड लपतो, मला राग आला तो याचा. 'बिचारा म्हातारा' असं वाटायला लागलं की पॉज करा आणि कागदाकडे बघा.

रायली किओने केलेली रिपोर्टर सारा गॅनिम खरी आहे, तिला आणि तिच्या पेपरला २०१२ चं पुलित्झर (पत्रकारितेतलं मोठं बक्षीस) मिळालं, ग्रँड ज्युरीची चौकशी चालू असल्याची बातमी तिने अटकेच्या कित्येक महिने आधी दिली होती. पिक्चरने तिला नुसतं फोन घेत पळायला लावलंय.

९ नोव्हेंबरची रात्र मात्र नीट बघा. पॅटर्नोची एकसष्ट वर्षांची नोकरी (आधी असिस्टंट, मग हेड कोच) फोनवर संपली आणि कॉलेजच्या पोरांनी रस्त्यावर न्यूज चॅनेलची गाडी उलटी केली. कोणासाठी, ते बघा.

पुढचं पण सांगतो. पॅटर्नो जानेवारी २०१२ मध्ये कॅन्सरने गेला. सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरला, शिक्षा ३० ते ६० वर्षं. पुतळा काढला, पॅटर्नोचे १११ विजय रेकॉर्डमधून पुसले आणि २०१५ ला परत पण दिले, घ्या!

मग जमलं तर 'हॅपी व्हॅली' ही याच प्रकरणावरची २०१४ ची डॉक्युमेंटरी लावा, त्यात पुतळ्याजवळ पॅटर्नोच्या विरोधातला बोर्ड घेऊन उभ्या असलेल्या एका माणसावर फॅन लोक कसे धावून जातात ते बघा. दोन्हीला वेळ नसेल तर सरळ हीच लावा, पिक्चर राहू द्या.