राक्षसाच्या कॉस्च्युमसाठी सिलिकॉनचं कपाळ घरीच बनवा

आधी माती बघून घ्या, कारण गंधक असलेली क्ले वापरली तर प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनममुळे घट्ट होणारं सिलिकॉन) सेटच होत नाही, चिकट लगदा राहतो, आणि लेटेक्सचे हातमोजे घातले तरी तेच, म्हणून व्हिनाइलचे घ्या. बिनगंधकाच्या क्लेमध्ये कपाळ, भुवया, सुरकुत्या कोरायच्या, कडा मात्र कागदासारख्या पातळ, नाहीतर चेहऱ्यावर जोड उठून दिसतो. भोवती मातीची भिंत करून वरून प्लास्टर ओता, पहिला थर ब्रशने नीट दाबून, म्हणजे सुरकुत्यांत बुडबुडे अडकत नाहीत. प्लास्टर पूर्ण वाळू द्या, घाई नको. मग क्ले काढून टाका, उरलेल्या प्लास्टरच्या साच्याला आतून व्हॅसलीनचा अगदी पातळ हात.

सिलिकॉन त्वचेला चालणारंच घ्या हां, मोल्डिंगचं स्वस्तातलं चेहऱ्यावर नको. ए आणि बी हे त्याचे मिसळायचे दोन भाग बहुतेक सम प्रमाणात असतात पण डब्यावरचं वाचा, रंग मिसळतानाच घाला, आणि साच्यात उंचावरून बारीक धारेत ओता, बुडबुडे फुटतात. वरून रंगवायचं तर ॲक्रिलिक सोलून निघतं राव, सिलिकॉनवर सिलिकॉनचाच रंग टिकतो.