शिरांवर घरगुती लेझर लावताय? या चुका टाळा

आमच्या नौपाड्यातल्या फिजिओ क्लिनिकमध्ये परवा पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू आल्या. पिशवीतून छोटं लेझर मशीन काढलं. "रोज अर्धा तास पोटरीवर धरते हो, पण या फुगलेल्या शिरा काही बसत नाहीत." मशीनवर लिहिलेलं १०० मिलिवॅट, टोक हरभऱ्याहूनही बारीक.

लोक मिलिवॅट वाचतात आणि तिथेच थांबतात. हिशोब पुढे आहे. १०० मिलिवॅटचा प्रकाश एक मिनिट धरला की ६ ज्यूल ऊर्जा जाते. टोक ०.१ चौरस सेंटिमीटरचं असेल तर चौरस सेंटिमीटरमागे ६० ज्यूल. अर्धा तास एकाच जागी धरलं तर १८००! वरवरच्या भागासाठी साधारण चौरस सेंटिमीटरमागे १ ते १० ज्यूलची मात्रा वापरतात. थोड्या मात्रेने पेशींना चालना मिळते, फार झाली की तोच प्रकाश त्यांचं काम मंदावतो. म्हणजे 'अजून दहा मिनिटं' हा उपाय नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. "डॉक्टर शिरा लेझरने बंद करतात, तेच ना हे?" अजिबात नाही. तिथे सोनोग्राफीवर बघत शिरेच्या आत प्रकाश नेणारा बारीक तंतू (फायबर) घालतात, काही वॅटच्या उष्णतेने शीर आतून भाजून बंद करतात. आपलं मशीन भाजत नाही. त्याच्या लाल किंवा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाने पेशींत नायट्रिक ऑक्साइड सुटतो, रक्तवाहिनीचा स्नायू सैलावतो आणि ती जरा रुंदावते. प्रकाशाने वाहिनी सैल पडते हे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९५५ मध्येच सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं होतं (तिथे अतिनीलकडचा प्रकाश होता). पुढे नायट्रिक ऑक्साइडच्या कामासाठी १९९८ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पण काकूंची शीर आधीच फुगलेली, रक्त मागे येऊ न देणाऱ्या तिच्या झडपा निकामी. तिला आणखी सैल करून काय मिळणार?

बाकीच्या चुका रोजच्या. तेल किंवा मलम चोपडून वर लेझर धरणं, टोक त्वचेपासून लांब ठेवणं. त्वचा सावळी असेल तर तिच्यातलं रंगद्रव्य, मेलॅनिन, बराच प्रकाश वरच शोषतं, जागा गरम लागली की हात काढा.

लेझरपासून डोळे वाचवणाऱ्या चष्म्याचा मात्र कंटाळा नको. अवरक्त किरण दिसत नाहीत, त्यामुळे डोळा आपसूक मिटत नाही आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होऊ शकते. काकूंचा नातू त्याच मशीनने मांजरीला खेळवायचा, हे ऐकून मी ते आधी कपाटात कुलपात ठेवायला सांगितलं.

एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी दुखू लागली तर लेझर लावत बसू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. काकूंचे दोन्ही पाय सारखे होते, म्हणून त्यांना तेवढ्यापुरतं व्हॅस्क्युलर सर्जनकडे (रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरकडे) कलर डॉपलरसाठी, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी, पाठवलं.