यिद्दिश वाचताना हिब्रू शब्दांची वेगळी वही ठेवा
यिद्दिश ही मध्य आणि पूर्व युरोपातील ज्यूंची, हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा. तिच्या ऑनलाइन वर्गात मधल्या पातळीवर आलेल्यांची गाडी व्याकरणापेक्षा वाचनात अधिक अडते, कारण जर्मन आणि स्लाव्ह मुळाचे शब्द उच्चाराप्रमाणे लिहिले जात असले, तरी हिब्रू-अरमाईक मुळाचे शब्द जुन्याच, बहुधा स्वरांविना असलेल्या लेखनात येतात. ‘शाबेस’ (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) हा शब्द शिन, बेस आणि सोफ या तीनच अक्षरांत लिहितात. स्वर वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागतात. म्हणून अशा शब्दांची वेगळी वही ठेवावी. तीत मूळ लेखन, देवनागरीत उच्चार आणि नामाचे अनेकवचन टिपावे, कारण तेही पुष्कळदा हिब्रू पद्धतीने होते. (घशातून येणाऱ्या ‘ख़’साठी नुक्ता विसरू नये.) उतारा वर्गात पडद्यावर येण्याची वाट न पाहता आदल्या दिवशीच मागवून मोठ्याने वाचावा. पुढील वाचनासाठी अमेरिकेतील ॲमहर्स्ट येथील यिद्दिश बुक सेंटरने हजारो पुस्तके मोफत उपलब्ध केली आहेत. मात्र जुन्या छपाईतील लेखन यिवो या यिद्दिश संशोधन संस्थेच्या १९३७ च्या लेखननियमांशी जुळेलच असे नाही, आणि सोव्हिएत प्रकाशनांत तर हिब्रू मुळाचे शब्दही उच्चाराप्रमाणेच छापत, त्यामुळे ती तूर्त बाजूला ठेवलेली बरी.